माथेरानात जन्मलेला कायदेपंडित : मरहूम आसफ अली असगर फैजी

पावसाळा सरला की खांदा कॉलनीतल्या उंच बिल्डिंगींच्या गच्चीवरून पूर्वेकडे माथेरानचा डोंगर स्वच्छ दिसतो. आपली पोरं सुट्टीच्या दिवशी बाईक काढून धोदाणीला जातात, तिथून सनसेट पॉइंटची चढण चढतात, फोटो टाकतात. त्याच डोंगरावर १० एप्रिल १८९९ रोजी आसफ अली असगर फैजी यांचा जन्म झाला. तेव्हा माथेरानची छोटी गाडीसुद्धा सुरू झाली नव्हती. ती १९०७ साली आली, आणि तीही सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभी केली.

फैजींचं नाव एलएल.बी. करणाऱ्या मुलामुलींपलीकडे आपल्या घरांत फारसं निघत नाही. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य, इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू, १९६२ चे पद्मभूषण, आणि मुस्लिम कायद्यावरच्या ज्या पुस्तकाची पानं आजही कोर्टात उघडली जातात त्याचे लेखक, एवढं सगळं या एका माणसाच्या वाट्याला आलं. तरीही त्यांच्या नावाला आपल्या समाजात थोडी अस्वस्थता चिकटलेली आहे. कर्तृत्व सांगायचं आणि अस्वस्थता गाळायची, असं केलं तर ते चरित्र अर्धवट राहील. म्हणून आम्ही दोन्ही सांगतो.

फैजी हे तय्यबजी-फैजी खानदानातले. मुल्ला तय्यब अली हे मूळच्या खंभातकडच्या घराण्यातले मुंबईचे व्यापारी. त्यांनी ज्या काळात मुलांना विलायतेला पाठवलं, त्या काळात इंग्रजी शिकणं म्हणजे दीन सोडणं अशी भीती घराघरांत होती. त्यांचे चिरंजीव बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले, १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढे राहिले, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे पहिले मुस्लिम न्यायमूर्ती. याच गोतावळ्यातल्या नाझली बेगम आपल्या जिल्ह्यातल्या जंजिरा संस्थानच्या राणीसाहेब होत्या. अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. एकटी मुस्लिम मुलगी, आणि तीही १९०६ साली! आज पनवेलहून मुलीला पुण्याच्या होस्टेलला ठेवताना आपल्याकडे किती बैठका होतात ते आठवून पाहा.

हे खानदान सुलेमानी बोहरा. दाऊदी बोहऱ्यांपासून सोळाव्या शतकाच्या अखेरीस दाईच्या वारसावरून वेगळी झालेली ही लहानशी शाखा. संख्येने मूठभर, पण शिक्षणात आणि सार्वजनिक कामात कायम पुढे. आसफ यांचं शिक्षण मुंबईत सेंट झेवियर्समध्ये आणि नंतर लॉ कॉलेजात झालं. पुढे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी अरबी-फारसीचा रीतसर अभ्यास केला. मौलाना रूमींच्या मसनवीचं इंग्रजी भाषांतर करणारे निकल्सन त्या वेळी केंब्रिजलाच शिकवत होते. १९२५ मध्ये फैजी बॅरिस्टर झाले आणि १९२६ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले.

इथवर सगळं त्या काळच्या श्रीमंत घरातल्या मुलासारखंच. फरक पडला तो कोर्टात.

इंग्रजांच्या कोर्टात मुसलमानांचे वारसा, निकाह, वक्फ यांचे दावे मुस्लिम कायद्याने चालत. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये तशी व्यवस्था लावली होती. पण न्यायाधीशाला अरबी येत नसे. मग तो काय करी? हिदाया हा हनफी फिकहचा मोठा ग्रंथ १७९१ मध्ये हॅमिल्टनने इंग्रजीत आणला होता, तोच टेबलावर. आणि तो मूळ अरबीवरून नव्हे, फारसी तर्जुम्यावरून केलेला. म्हणजे भाषांतराचं भाषांतर. त्यावर इंग्रज जज आपल्या पद्धतीने अर्थ लावणार, आणि तो निकाल पुढच्या सगळ्या खटल्यांना लागू. दीडशे वर्षांत अशा निकालांचा एवढा ढीग झाला की लोक त्यालाच शरीयत समजू लागले.

ही गोष्ट आपल्याला फार महत्त्वाची वाटते. कारण आजही घरात वाटणीचा वाद निघाला की एक जण म्हणतो शरीयतमध्ये असं आहे, दुसरा म्हणतो कायद्यात तसं आहे, आणि दोघांनाही ठाऊक नसतं की आपण जे सांगतोय ते कुराणातून आलं, इमामांच्या इज्तिहादमधून आलं, गावच्या रिवाजातून आलं की लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमधून. फैजींनी आयुष्यभर हाच गुंता सोडवला. कुठला धागा कुठून आला ते शोधायचं, मगच त्याबद्दल बोलायचं.

मुंबईचंच एक उदाहरण घ्या. १८४७ साली खोजा आणि मेमन घरांतल्या मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत कुराणाने ठरवलेला हिस्सा मागितला. सर अर्स्किन पेरी या न्यायमूर्तींनी निकाल दिला की या जमातींत मुलींना वाटा न देण्याचा जुना रिवाज आहे आणि रिवाजच चालणार. मुली हरल्या. पुढे जवळपास नव्वद वर्षं, १९३७ चा शरीयत कायदा येईपर्यंत, अशा रिवाजांच्या आडून अनेक जमातींतल्या मुलींचा हक्क बुडत राहिला. १९३७ च्या कायद्यातूनही शेतजमीन वगळली गेलीच. आता गंमत अशी की याच पेरींच्या नावाने मुंबईच्या लॉ कॉलेजात न्यायशास्त्राचं अध्यासन आहे, आणि १९३८ मध्ये फैजी प्राचार्य झाले तेव्हा ते अध्यासनही त्यांच्याकडे आलं. त्यांच्या आधी, १९३५ ते १९३८, त्या खुर्चीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. एकाच कॉलेजात पाठोपाठ असे दोन प्राचार्य! दोघांच्या वाटा वेगळ्या, पण धर्मग्रंथ आणि कायदा यांचा इतिहास मुळापासून तपासायचा ही सवय दोघांचीही.

वकिली करत असतानाच फैजींनी दुसरं एक काम सुरू केलं होतं, आणि आमच्या मते त्यांचं खरं मोठेपण तिथेच आहे.

बोहरा समाजाकडे फातिमी काळातले अरबी ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखित रूपात जपलेले होते. फातिमी खलिफांनी कैरो वसवलं, अल-अझहर उभारलं. त्यांचं राज्य गेल्यावर त्यांची बरीचशी ग्रंथसंपदा नष्ट झाली. जी वाचली ती येमेनमार्गे गुजरातेत आणि मुंबईत आली. ती घरांत, पेट्यांत, कापडात गुंडाळून ठेवलेली असे. परक्याला दाखवायची नाही असा कडक दंडक होता. शतकानुशतकं छळ सोसलेल्या जमातीने आपले ग्रंथ लपवावेत यात नवल नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की इस्माइली मुसलमानांबद्दल जगात जे लिहिलं जाई ते सगळं त्यांच्या विरोधकांच्या लिखाणावरून. त्यांची स्वतःची बाजू पेटीत बंद.

कोर्टातही तेच. बोहऱ्यांचा दावा आला की त्यांचा स्वतःचा फिकह ग्रंथ छापलेला नसल्यामुळे जज शिया म्हणजे इस्ना अशरी असं धरून त्यांचाच कायदा लावत. दोन्हींत फरक किती? एकच सांगतो. इस्ना अशरी फिकहमध्ये मुता निकाह जायज मानला जातो, इस्माइली फिकहमध्ये तो नामंजूर आहे, सुन्नींसारखाच. एवढा मोठा फरक असताना एकाचा कायदा दुसऱ्याला लावला जात होता.

फैजींनी पेटी उघडायला सुरुवात केली. १९३३ मध्ये त्यांनी इस्माइली मृत्युपत्राच्या कायद्यावर छोटं पुस्तक काढलं. त्यातला मूळ मजकूर होता काझी नुमान यांच्या दआइमुल इस्लाम या ग्रंथातला. काझी नुमान हे दहाव्या शतकातले फातिमी काळचे सर्वांत मोठे फकीह. इसवी सन ९७४ मध्ये त्यांचं कैरोत निधन झालं. त्यांचा हा ग्रंथ बोहरा समाजात हजार वर्षं प्रमाण मानला गेला. पहिल्या भागात विलायत, तहारत, नमाज, जकात, रोजा, हज, जिहाद. दुसऱ्यात निकाह, तलाक, व्यापार, वारसा असे व्यवहार. त्याच १९३३ साली मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन सुरू झाली, त्यात फैजी पुढे होते. मूळचे रशियाचे आणि मुंबईत येऊन स्थायिक झालेले अभ्यासक इव्हानोव्ह त्यांच्या सोबत होते. सुरतेकडच्या हमदानी घराण्यातले हुसेन हमदानी आणि हैदराबादचे जाहिद अली हेही याच काळात आपापल्या घरच्या हस्तलिखितांवर काम करत होते. आज जगात कुठेही फातिमी इतिहास शिकवला जातो तो या चार-पाच जणांनी मुंबई, सुरत, हैदराबादेत केलेल्या मेहनतीवर उभा आहे.

या कामातली त्यांची सचोटी सांगायला हवी. १९३८ मध्ये त्यांनी अल-हिदायतुल आमिरिया हे फातिमी खलिफा आमिर यांच्या काळातलं पत्र संपादित केलं. विषय होता खलिफा मुस्तनसिर यांच्यानंतर वारस कोण, मुस्तअली की निजार. हा वाद म्हणजे बोहरा आणि खोजा या दोन जमाती वेगळ्या होण्याचं मूळ. फैजी स्वतः मुस्तअली बाजूचे. आपल्या बाजूचा कागद हाती लागला, तर त्याचा झेंडा करण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी तो कागद इतिहासाचा पुरावा म्हणून छापला, वाद पुन्हा पेटवण्यासाठी नव्हे. १९४२ मध्ये त्यांनी शेख सदूक यांच्या अकीद्यावरच्या पुस्तकाचा इंग्रजी तर्जुमा केला, तो तर इस्ना अशरींचा. म्हणजे जो फिरका आपला नाही त्याचंही म्हणणं त्याच्याच शब्दांत लोकांसमोर आलं पाहिजे, अशी ही पद्धत. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मसलकचे लोक दुसऱ्या मसलकबद्दल कुठून माहिती घेतात ते पाहिलं तर या पद्धतीची किंमत कळते.

१९४९ मध्ये त्यांचं मुस्लिम कायद्याच्या रूपरेषेवरचं मोठं पुस्तक ऑक्सफर्डने काढलं. त्यांच्या हयातीत त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या. पाचवी २००८ साली ताहिर महमूद यांनी संपादित केली. वकिलांसाठी कलमं-निकालांची जंत्री असलेली पुस्तकं आधीही होती. बद्रुद्दीन तय्यबजींचे चिरंजीव फैज तय्यबजी यांचंही एक जाडजूड पुस्तक होतं. फैजींच्या पुस्तकाचं वेगळेपण असं की ते प्रत्येक नियमाचा इतिहास सांगतं. इस्लामपूर्व अरबस्तानात बाईची स्थिती काय होती, कुराणाने त्यात काय बदललं, इमामांनी त्यावर काय मतं दिली, इंग्रज कोर्टांनी त्याचं काय केलं.

आपल्या पनवेल-उरण पट्ट्यातल्या घरांना त्यातलं एक प्रकरण विशेष जवळचं वाटेल. आपले कोकणी मुसलमान शाफई, आणि खांदा कॉलनीत मराठवाड्याकडून, उत्तरेकडून आलेली बरीच घरं हनफी. एकाच मजल्यावर समोरासमोर राहतात, ईदचा शिरखुर्मा एकमेकांकडे जातो. पण निकाहच्या बाबतीत दोन्ही मसलकांत फरक आहे. हनफी मताप्रमाणे वयात आलेली मुलगी स्वतःच्या मर्जीने निकाह करू शकते, शाफई मताप्रमाणे तिला वलीची संमती लागते. १८६४ मध्ये मुंबई हायकोर्टात असाच खटला झाला होता. शाफई घरातली मुलगी, तिने हनफी मसलक स्वीकारलं आणि वडिलांच्या संमतीशिवाय निकाह केला. कोर्टाने तो निकाह कायदेशीर ठरवला. वयात आलेल्या मुसलमानाला चारपैकी कुठलाही मसलक स्वीकारता येतो, हे त्यातून पक्कं झालं. अशा खटल्यांतून कायदा दगडासारखा नसतो हे फैजी विद्यार्थ्यांना दाखवत.

निकाहनाम्याबद्दलही तसंच. इस्लाममध्ये निकाह हा करार आहे, हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो. करार आहे तर त्यात अटी लिहिता येतात, आणि अट मोडली तर बायकोला स्वतःला तलाक घेण्याचा अधिकार नवऱ्याकडून आधीच लिहून घेता येतो. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. हा काही कुणी नवा काढलेला प्रकार नव्हे, जुन्या फिकहमध्ये आहे. फैजींच्या पुस्तकात त्याची नीट मांडणी आहे. आता आपल्या हॉलमधल्या निकाहांकडे पाहा. जेवणाच्या पंक्तीचा हिशेब महिनाभर चालतो आणि निकाहनामा पाच मिनिटांत उरकतो. मेहरची रक्कम लिहितात, ती लगेच द्यायची की नंतर, हेसुद्धा कित्येकदा मुलीच्या बापाला धड समजलेलं नसतं. वकील झालेल्या आपल्या मुलींनी यात लक्ष घालावं असं आम्हाला वाटतं.

१९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याचं फैजींनी मोकळेपणाने कौतुक केलं. त्यामागची हकिकत ऐकण्यासारखी आहे. नवरा परागंदा झाला, खर्च देईना, तरी हनफी मताप्रमाणे बायकोला कोर्टातून सुटका जवळजवळ नव्हतीच. काही बायका सुटकेसाठी नाइलाजाने दीन सोडल्याचं जाहीर करू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या बुजुर्ग हनफी आलिमांनी मालिकी फिकहचा आधार घेऊन मार्ग काढला आणि पुढे त्यातून कायदा झाला. चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल, दोन वर्षं खर्च मिळाला नसेल, तर बायको कोर्टात जाऊ शकते. बदल करणारे सगळे पाश्चात्त्य शिक्षण घेतलेले आणि विरोध करणारे सगळे मौलवी, असं चित्र रंगवलं जातं ते किती खोटं आहे ते इथे दिसतं.

फाळणी झाली. खानदानातले काही जण कराचीला गेले, अतिया फैजी त्यांत होत्या. आसफ फैजी इथेच राहिले. १९४७ मध्ये लॉ कॉलेज सोडून ते मुंबई लोकसेवा आयोगाचे सदस्य झाले आणि १९४९ मध्ये त्यांना राजदूत म्हणून कैरोला पाठवण्यात आलं. राजे फारूक यांची सद्दी संपत आली होती, क्रांतीला दोन-तीन वर्षं उरली होती. राजदूताची कामं त्यांनी केलीच. पण ज्या शहरात काझी नुमान यांनी शेवटचा श्वास घेतला तिथे त्यांचा ग्रंथ हजार वर्षांनी छापून घेण्याचं काम मुंबईच्या एका बोहरा वकिलाच्या हातून झालं. १९५१ मध्ये दआइमुल इस्लामचा पहिला भाग कैरोच्या दारुल मआरिफने प्रसिद्ध केला. दुसरा भाग निघायला साधारण दहा वर्षं लागली. वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठभेद ताडून पाहायचे, नकलनविसांच्या चुका काढायच्या, हे काम नोकरी सांभाळून रात्री बसून करायचं असतं.

तिथून आल्यावर १९५२ ते १९५७ केंद्रीय लोकसेवा आयोग, आणि १९५७ ते १९६० जम्मू-काश्मीर विद्यापीठाचं कुलगुरूपद. १९५७ सालीच त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आपल्या संग्रहातली सुमारे २०० इस्माइली हस्तलिखितं त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. विकली नाहीत, परदेशी पाठवली नाहीत. ज्या ग्रंथांवर परक्याची नजर पडू नये म्हणून पिढ्यांनी काळजी घेतली, ते आता कुणाही विद्यार्थ्याला अर्ज भरून पाहता येतील, असं त्यांनी ठरवलं. १९६५ मध्ये मुइझ गोरियावाला यांनी त्यांची वर्णनात्मक सूची केली. जमातीतल्या सगळ्यांनाच हे आवडणं शक्य नव्हतं. अमानत उघड करणं आणि इल्म लपवणं, या दोहोंत कमी वाईट कुठलं, हा प्रश्न सोपा नाही. ज्यांनी ग्रंथ लपवले त्यांच्यामुळेच ते टिकले, हेही खरं आहे. पण टिकलेलं वाचायचंच नसेल तर टिकवायचं कशाला? फैजींनी आपल्यापुरतं उत्तर दिलं.

आता अस्वस्थतेकडे येऊ. १९६३ मध्ये त्यांचं इस्लामकडे आधुनिक दृष्टीने पाहणारं छोटं पुस्तक आलं. त्यात त्यांनी म्हटलं की दीन आणि कायदा या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. अल्लाहवरचा ईमान, माणसामाणसांतला इन्साफ, नैतिकता हा दीनचा गाभा, तो बदलत नाही. कायदा मात्र समाजाबरोबर बदलतो, तो बदलू द्यावा. त्यासाठी मुसलमानांनी धर्मांचा इतिहास शिकावा, इतर धर्मांशी तुलना करावी, अरबीबरोबर तिच्या भगिनीभाषा अभ्यासाव्यात, इल्मे कलामची फेरतपासणी करावी, विज्ञानाने उलगडलेल्या विश्वाशी आपली समजूत ताडून पाहावी. यावर बरीच टीका झाली. शरीयत हा दीनचाच भाग आहे, तो बाजूला काढला तर दीन म्हणजे नुसत्या भावना उरतील, असं उलमांचं म्हणणं.

आम्हाला काय वाटतं? फैजींच्या पद्धतीशी आमचं भांडण नाही, निष्कर्षाबद्दल मात्र शंका आहे. कायदा बदलावा हे ठीक, पण बदलणार कोण? ज्या देशात आपण संख्येने थोडे, तिथे आपल्या घरातला कायदा आपल्याला न विचारता बदलला गेला तर लोक आणखीच जुन्याला चिकटतात, हे आपण पाहिलेलं आहे. थानवींच्या वेळी बदल आतून आला, म्हणून तो रुजला. फैजींच्या पुस्तकात हा आतला रस्ता पुरेसा दिसत नाही. ते विद्वानांशी बोलतात, मोहल्ल्याशी नाही. त्यांनी उर्दूत किंवा मराठीत लोकांसाठी लिहिलं असतं तर कदाचित चित्र वेगळं झालं असतं.

पण त्यांना दीनविरोधी म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी त्यांचं पुढचं काम पाहावं. १९७४ मध्ये, पंचाहत्तरीला, त्यांनी दआइमुल इस्लाममधल्या ईमानच्या प्रकरणाचा इंग्रजी तर्जुमा प्रसिद्ध केला. ज्याला दीनशी देणंघेणं नाही असा माणूस पंचाहत्तराव्या वर्षी हे काम कशाला करेल?

आणि शिक्षणाच्या बाबतीत तर त्यांनी दाखवलेली अडचण आजही आपल्या घरात बसलेली आहे. आपली मुलं सकाळी इंग्रजी शाळेत जातात, संध्याकाळी मकतबमध्ये. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मुसलमान म्हणजे स्वाऱ्या आणि सुलतान, मकतबमध्ये इतिहास म्हणजे सगळे नेक बुजुर्ग. दोन्ही वह्या एकाच दप्तरात, पण एकमेकींना भेटत नाहीत. मग चौदा-पंधराव्या वर्षी मोबाईलवर कुणीतरी तिसराच इतिहास सांगतो आणि मुलं गडबडतात. त्या वेळी घरात कुणी तरी विचारणारं हवं की हे कुठे लिहिलंय, कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, मूळ कुठल्या भाषेत आहे. फैजींनी केंब्रिजमधून आणलेली आणि मुंबईत वापरलेली पद्धत मुळात एवढीच होती. आपल्या मुहद्दिसांनी हदीसच्या सनदी तपासताना हेच प्रश्न बाराशे वर्षांपूर्वी विचारले होते, त्यामुळे ती परकी म्हणण्याचंही कारण नाही.

१९८१ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत फैजींचं निधन झालं. अल्लाह त्यांची मगफिरत करो. दआइमुल इस्लामचं त्यांनी हाती घेतलेलं इंग्रजी भाषांतर त्यांच्या पश्चात इस्माइल पूनावाला यांनी पूर्ण तपासून, टिपा जोडून २००२ आणि २००४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेल्या तीन तलाकवर निकाल दिला, त्यातही फैजींच्या पुस्तकाचा आधार घेतलेला आहे. फर्ज, मसनून, जायज, मकरूह, हराम या पायऱ्या समजावताना न्यायमूर्तींनी तेच पुस्तक उघडलं.

त्यांनी दिलेली हस्तलिखितं मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आहेत. खांदेश्वरहून हार्बरची लोकल थेट सीएसएमटीला जाते, तिथून राजाबाई टॉवर चालत जाण्याइतका जवळ आहे. अरबी शिकणारी किंवा कायदा शिकणारी मुलं-मुली घरात असतील तर त्यांनी गोरियावालांची सूची आधी मागून घ्यावी. कुठल्या विषयावर कुठलं हस्तलिखित आहे ते त्यात लावलेलं आहे.